अन् पोरी?

एप्रिलचा पहिला आठवडा. सकाळचे साडेनऊ, आणि मराठवाड्यातल्या एका गावच्या चावडीत पत्र्याखाली आत्ताच उकडायला लागलेलं. तलाठी टेबलावर छापील यादी घेऊन बसलेला, शेजारी कोतवाल, समोर सतरंजीवर तीस-पस्तीस माणसं, बहुतेक पुरुषच. बायका बाहेर ओट्यावर, उंबऱ्याला टेकून. २०२५ ची ‘जिवंत सातबारा’ मोहीम बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर आली होती. पहिल्या पाच दिवसांत गावोगाव चावडी वाचन करायचं आणि सातबाऱ्यावर नाव आहे पण माणूस हयात नाही अशांची यादी करायची, असा आदेश होता. तलाठी एकेक खातं वाचत होता. खाते क्रमांक, नाव, गट नंबर, क्षेत्र. ‘आहेत.’ ‘आहेत.’ ‘पुण्याला असतात, पण आहेत.’ मग एका नावाला कुणीच काही बोललं नाही. त्यानं नाव पुन्हा वाचलं. उंबऱ्याबाहेरून एका म्हातारीचा आवाज आला, ‘ते वारले, तलाठीआप्पा. अकरा साल झाले.’ तलाठ्यानं नावापुढं खूण केली आणि विचारलं, ‘वारस कोण?’ आतून एक तरणा माणूस म्हणाला, ‘आम्ही दोघं भाऊ, अन् आई.’ पेन चालायला लागलं. तेवढ्यात पुन्हा बाहेरून, आधीपेक्षा हळू आवाजात: ‘अन् पोरी?’

कुणी हललं नाही. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, ‘मावशी, ते नंतर बघू.’ तलाठ्याचं पेन क्षणभर कागदावर तसंच टेकून राहिलं, आणि मग त्यानं पुढचा खाते क्रमांक वाचला.

डिजिटल लोकशाही, खुला कारभार, पारदर्शकता असे शब्द कानावर पडले की हल्ली तेच दोन शब्द आठवतात. कारण त्या सकाळी चावडीत जे चाललं होतं ते राज्याच्या सगळ्यात मोठ्या संगणकीकरणाचंच एक टोक होतं. महाराष्ट्रात अडीच कोटींहून जास्त सातबारे आहेत. ते सगळे संगणकावर आहेत. १५ रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून. खाली क्यूआर कोड असतो, बँक तो तपासून घेते, तलाठ्याचा शिक्का लागत नाही. ज्यानं एका उताऱ्यासाठी तालुक्याला तीन-तीन खेपा घातल्यात त्यालाच याची किंमत कळते. पण एवढ्या मोठ्या यंत्रणेला एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती: खातेदार जिवंत आहे की नाही. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात, जमिनीची तलाठ्याच्या दप्तरात. कित्येक गावांत दोन्ही कार्यालयांची भिंत एकच आहे, तरी हे दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत. वारसानं अर्ज केला तरच भेटतात. तोवर मेलेला माणूस सातबाऱ्यावर शेती करत राहतो, आणि जिवंत माणसाला पीककर्ज मिळत नाही, अतिवृष्टीचं अनुदान मिळत नाही, आता शेतकरी ओळख क्रमांकही मिळत नाही. शेवटी सरकारला तलाठ्याच्या हातात यादी देऊन गावासमोर बसवावं लागलं आणि विचारावं लागलं, सांगा, यातलं कोण गेलं.

ही काही पहिली वेळ नव्हती. सातबारे संगणकात चढवले तेव्हा हस्तलिखितावरून ती माहिती कुणीतरी टंकली होती. शून्य पूर्णांक चाळीस हेक्टरच्या जागी चार बसलं की चाळीस गुंठ्यांचे दहा एकर होतात. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, लागवडीच्या क्षेत्रात मिसळला जातो. फेरफाराचा नंबर एका आकड्यानं चुकतो आणि जमीन कुणाकडून कुणाकडं गेली याची साखळीच तुटते. सगळ्यात जास्त गोंधळ आणेवारीचा, म्हणजे कुणाचा हिस्सा किती याचा. चार भावांचं क्षेत्र बेरीज करून बघावं तर सातबाऱ्याच्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही. संगणक ही बेरीज क्षणात करतो आणि विसंगत सातबाऱ्यांची यादीही काढून देतो. पण चूक कुठल्या भावाच्या आकड्यात आहे ते त्याला सांगता येत नाही. म्हणून २०१७ मध्येही राज्यभर चावडी वाचन झालं होतं. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे शेजारी-शेजारी ठेवून तलाठी वाचणार, खातेदार ऐकणार, चूक दिसली तर तिथंच सांगणार, आणि मग दुरुस्ती होणार. जे त्या दिवशी गावात नव्हते, किंवा असूनही गेले नाहीत, ते आजही जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडं लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे अर्ज करत आहेत.

मोठ्यानं वाचणं ही गोष्ट आपल्याला जुनाट वाटते. दवंडी, कोतवालाचा आवाज, चावडीवर चिकटवलेला कागद, हे सगळं मागं पडलं असं आपण धरून चालतो. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं १५० वं कलम काढून बघा. १९६६ चा हा कायदा सांगतो की फेरफाराची नोंद केली की तलाठ्यानं त्याच वेळी तिची पूर्ण नक्कल चावडीत ठळक जागी लावायची आणि हितसंबंधित असलेल्या सगळ्यांना लेखी कळवायचं. त्यानंतर हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर ती नोंद विवादग्रस्त, म्हणजे गाव नमुना ६-अ च्या नोंदवहीत जाते. मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतात आणि मगच नोंद प्रमाणित किंवा रद्द करतात. हरकत आलीच नाही तर सोळाव्या दिवसापासून नोंद प्रमाणित व्हायला मोकळी. खुल्या कारभाराचा आख्खा गाभा या एका कलमात आहे असं मला वाटतं. नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा, आणि मधले १५ दिवस गावाचे.

त्या १५ दिवसांसाठीच आता काचेची चावडी आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ नावाचं पान आहे. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, कॅप्चा भरा. लॉगिन नाही, पैसे नाहीत. गावात सध्या कुठले फेरफार नोटिशीवर आहेत त्याचा तक्ता समोर येतो. फेरफार क्रमांक, प्रकार (खरेदी, वारस, बोजा, बक्षीसपत्र), तारीख, हरकतीची शेवटची तारीख, गट नंबर, आणि शेवटी ‘पहा’ अशी कळ. ती दाबली की नोटीस उघडते. मुंबईत टॅक्सी चालवणारा, सुरतेत कापड गिरणीत असलेला, दुबईला गेलेला, लग्न होऊन तीन तालुके ओलांडून गेलेली, कुणालाही आपल्या गावच्या चावडीत डोकावता येतं. दगडी चावडीच्या उंबऱ्याशी जिला थांबावं लागतं तिला या चावडीला उंबरा नाही. मनापासून सांगते, संगणकीकरणानं दिलेल्या सगळ्या गोष्टींत हे एक पान मला सर्वांत मोलाचं वाटतं. आणि बहुतेकांना ते माहीतही नाही. लोक सातबारा बघतात. सातबारा म्हणजे निकाल. निकाल लागायच्या आधीचं पान कुणी उघडत नाही.

पण त्या पानाच्या मर्यादाही तिथंच कळतात. लेखी नोटीस हितसंबंधितांना जाते, आणि हितसंबंधित कोण हे रेकॉर्डवरून ठरतं. ज्या मुलीचं नाव रेकॉर्डवर कधी आलंच नाही, तिला नोटीस कुठल्या पत्त्यावर जाणार? तिचं असणं कागदाला ठाऊक नाही. ते ठाऊक आहे गावाला. पोलीस पाटलाला, शेजारणीला, बारशाला घुगऱ्या खाऊन गेलेल्या प्रत्येकाला. म्हणूनच वारस नोंदीच्या वेळी मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर भागत नाही. तलाठ्यानं स्थानिक चौकशी करायची असते, सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला घ्यायचा असतो. गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही त्यासाठीच आहे. प्रतिज्ञापत्रात भावांनी बहिणी लिहिल्या नाहीत आणि चौकशीत कुणी बोललं नाही, तर संगणक दोनच भाऊ दाखवील, डिजिटल स्वाक्षरीसकट.

खोटं जर सगळ्यांनी मिळून पाळलं, तर क्यूआर कोड त्याच्यावरही छापला जातो.

मुलींच्या हक्काचं कायद्याचं अंग आता स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सेदार, झाली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. वडील गेल्यावर त्यांच्या वाट्यात पत्नी, मुलगे, मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस. तरीही जुने सातबारे चाळा. मुलींची नावं सापडतात ती ‘इतर हक्क’ या रकान्यात, बोजे, विहिरीतला हिस्सा आणि कुळांच्या शेऱ्यांच्या सोबतीनं. किंवा थोरल्या भावाच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागं सात-आठ माणसांचे हक्क दाबून बसवलेले असतात, आणि मॅनेजर वारला की त्याच्याच मुलांची नावं लागतात. ई-हक्क प्रणालीवर आज ए.कु.मॅ. शेरा कमी करण्याचा अर्ज कुणालाही ऑनलाइन करता येतो, तसाच अ.पा.क. चा, म्हणजे अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याचा शेरा कमी करण्याचाही. मुलगा पन्नाशीला आला तरी कागदावर अज्ञान, असे सातबारे पैशाला पासरी आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली, त्याला आता तीन दशकं होऊन गेली. ते काम चोरून नव्हे, गावासमोर झालं. गावासमोर लावलेलं नाव पुढं काढणं अवघड जातं.

इथं मन दोन्हीकडं ओढलं जातं. जाहीर वाचनात ताकद आहे हे खरं. पण त्याच वाचनात ‘मावशी, नंतर बघू’ म्हणणारा आवाजही असतो. चावडीत कोण बोलतं, कोण ओट्यावर थांबतं, कुणाच्या बोलण्यावर पेन चालतं, हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेलं असतं. दलित वस्तीतल्या माणसाला विचारा, चावडी या शब्दाची आठवण काही सगळ्यांना सारखी गोड नाही. म्हणून नुसती दगडी चावडी पुरत नाही, नुसती काचेचीही पुरत नाही. काचेची चावडी गैरहजर माणसाला दिसण्याची सोय करते. दगडी चावडी उत्तर देणाऱ्याला समोर बसवते. दोन्हींत एकच नाव, एकच आकडा, एकाच वेळी दिसला पाहिजे, तरच त्याला काही अर्थ.

ग्रामपंचायतीच्या पैशाचं घ्या. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट त्यांच्या खात्यात आला, आणि महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. त्याचा हिशेब ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर आहे, २०२० च्या पंचायतराज दिनापासून. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखड्यात मंजूर झालेली कामं दिसतात, मिळालेली रक्कम दिसते, प्रमाणकनिहाय, म्हणजे व्हाउचरनिहाय, खर्च दिसतो. तारीख, रक्कम, कुणाला दिली ते. पूर्वी यासाठी नमुना ५ ची रोकडवही बघायला मागावी लागे आणि ती ‘ऑडिटला गेलेली’ असे. आता ती कपाटात असो नसो, निदान तिची एक सावली सगळ्यांना दिसते. पैसे द्यायचे तर दोन डिजिटल सह्या लागतात. ग्रामसेवकाची आधी, मग सरपंचाची, दोघांची दोन वेगवेगळी डोंगलं, म्हणजे संगणकाला लावायची सहीची पेनड्राइव्हसारखी साधनं. एकानं रक्कम भरायची, दुसऱ्यानं तपासून मान्य करायची. रचना १५० व्या कलमासारखीच: करणारा एक, तपासणारा दुसरा.

आता ती प्रत्यक्षात कशी चालते ते जवळून बघा. सरपंच बाई असतात, पहिल्यांदा निवडून आलेल्या. डोंगल त्यांच्या नावाचं, अंगठ्याएवढं, निळ्या टोपणाचं. ते असतं सेवा केंद्रातल्या संगणकाच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावून, आणि त्याच रबरबँडमध्ये अडकवलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड. पैसे सोडायच्या दिवशी दोन्ही डोंगलं एकच माणूस, एकाच खुर्चीत बसून, एकामागून एक लावतो. पोर्टलवर दोन सह्या दिसतात. तपासणारं कुणीच नसतं. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. कित्येकदा फक्त रेंज नसते, मार्चअखेर आलेली असते, सर्व्हर रात्री अकराला चालतो. पण सही म्हणजे काय हे ज्या दिवशी सरपंच बाईंना कळतं आणि त्या डोंगल पदराला बांधून घरी नेतात, त्या दिवशी त्या ग्रामपंचायतीत काहीतरी खरोखर बदलतं. हे बदल कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाहीत. नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात पहिला तास यावर खर्च करावा, योजनांची यादी नंतर वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि जे पोर्टलवर दिसतं ते वाचायचं कसं, ही वेगळीच विद्या आहे. ‘गावांतर्गत रस्ता काँक्रिटीकरण’ एवढंच लिहिलेलं काम तपासताच येत नाही, कारण गावात पाच रस्ते असतात. आपल्याकडं जुनी चांगली रीत आहे, अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत असं लिहायची. ग्रामसभेत आराखडा मंजूर करताना हा आग्रह धरावा, तो ठरावात लिहून घ्यावा. मग पुढची पायरी सोपी होते. समजा अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता आहे. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. लांबी-रुंदी टेपनं दोन पोरं पाच मिनिटांत मोजतात, आणि ती सहसा बरोबरच निघते, कारण ती डोळ्याला दिसते. चोरी होते जाडीत. रस्त्याच्या कडेची माती हातभर उकरून पट्टी लावली आणि १५ च्या जागी १० भरले, तर ४५ पैकी १५ घनमीटर, म्हणजे तिसरा हिस्सा, रस्त्यात नाही. मोजमाप पुस्तिकेत, जिला सगळे एमबी म्हणतात, अभियंत्यानं किती जाडी लिहिली आहे ते पोर्टलवर नसतं. पोर्टल सांगतं पैसे किती गेले. एमबी सांगते ते कशाच्या बदल्यात गेले. ती मागावी लागते.

मागायचा रस्ता, म्हणजे माहिती अधिकाराचा कायदा, १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर उघडा आहे, महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, अण्णा हजारेंच्या आंदोलनातून आलेल्या राज्याच्या कायद्यामुळं. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा रागातलं पत्र लिहू नये. ‘एवढे पैसे का खाल्ले’ याला माहिती अधिकारी उत्तर देत नाही, आणि कायद्यानं द्यायचंही नसतं. कागदाचं नाव लिहावं: अमुक कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयक, पूर्णत्वाचा दाखला, यांच्या प्रमाणित प्रती. पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांच्या स्टॅम्पावर पहिलं अपील. त्याच्याही आधी एक सोपी वाट आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणं जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले असतात. अर्ज करण्याआधी एक सोमवार जाऊन फाइल चाळली, तर कुठलं पान मागायचं ते नेमकं कळतं. हे पाटीवर लिहिलेलं फार थोड्या कार्यालयांत दिसतं. निर्णयाची प्रत खिशात असली की दार उघडतं, हा मात्र अनुभवाचा भाग आहे.

कागद हातात आला की काय करायचं हे राजस्थाननं शिकवलं. मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपट आणि बिलं मिळवून ती तंबूत सगळ्यांसमोर वाचायची, आणि ज्याचं नाव आलं त्यानं उठून सांगायचं, मी कामावर होतो की नव्हतो, पैसे मिळाले की नाहीत. दोन वर्षांनी ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथलीच. २०१९ मध्ये त्याच राजस्थानात जन सूचना पोर्टल सुरू झालं, आणि रेशन, पेन्शन, रोजगार हमी यांची गावनिहाय माहिती अर्जाशिवाय खुली झाली. त्या पोर्टलमागं पंचवीस वर्षांचं मोठ्यानं वाचणं आहे, हे विसरून कुणी नुसतं सॉफ्टवेअर उचलून आणलं तर ते चालणार नाही. आपल्याकडं गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं वेगळी वाट धरली. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं, आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगटात कायदा, कागद, आकडे समजून घ्यायचे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला तो या अभ्यासाच्या जोरावर. तिथं आधी वाचायची सवय लागली, कागद नंतर आला.

नेमकी इथंच एक गोष्ट खुपते. उजेड कुणाच्या तोंडावर पाडायचा हे कोण ठरवतं? रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोन वेळा फोटो काढून. रेंज नसलेल्या माळावर फोटो चढला नाही की दिवसभर दगड उचललेल्या बाईची मजुरी अडते. आणि चोरी थांबली म्हणावं, तर २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून सांगितलं की फोटोचाच फोटो काढून टाकला जातोय, कामाशी संबंध नसलेले फोटो चढतायत, यादीतली संख्या आणि फोटोतली माणसं जुळत नाहीत. मजुराचा चेहरा दिवसातून दोनदा कॅमेऱ्यासमोर. ज्या टेबलावर तिचं देयक पडून आहे त्या टेबलाचा फोटो कुठल्याच ॲपमध्ये नाही. दुसरीकडं, वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानं वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली जुनी तोल साधणारी भाषा काढून टाकली. ‘जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य तिथं होतं. ते आता नाही. लाभार्थ्याचं नाव ही वैयक्तिक माहिती असं म्हणायला सुरुवात झाली, तर जनसुनवाई कशाची घ्यायची? आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर झाकलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. चावडीत ते कधी वाचले जातही नव्हते. पण नाव, रक्कम, काम आणि तारीख या चार गोष्टी झाकल्या की सार्वजनिक पैशाचा हिशेब संपला.

ग्रामसभेचं इतिवृत्त आता आवाजावरून तयार करणारं ‘सभासार’ नावाचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन केंद्रानं आणलं आहे. त्याचं स्वागत करावंसं वाटतं. कारण आजवर सगळ्यात जास्त खोटं लिहिलं गेलं असेल ते इतिवृत्तातच. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांत जो आकडा कमी तो. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि मग सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. कोऱ्या पानावर आधी सह्या, ठराव मागाहून. ध्वनिमुद्रण असेल तर निदान सभा झाली की नाही एवढं कळेल. पण उंबऱ्याबाहेरून, हळू आवाजात, पदर तोंडाशी धरून बोललेले दोन शब्द टेबलावरच्या मोबाइलला ऐकू जातील का? गेलेच, तर ते ठरावात येतील की ‘इतर चर्चा’ मध्ये?

मे महिन्याचे पहिले दिवस. त्याच गावातलं सेवा केंद्र, पंखा बंद, इन्व्हर्टरवर फक्त संगणक चालू. केंद्रचालक मुलगी बारावी होऊन संगणकाचा कोर्स केलेली. म्हातारी उन्हातून आलेली, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला जुना उतारा. ‘आप्पा म्हणले मशीनवर लागलंय, बघ बरं बाई.’ मुलीनं ‘आपली चावडी’ उघडली. कॅप्चा एकदा चुकला, दुसऱ्यांदा बसला. तक्त्यात अकरा ओळी होत्या, त्यातल्या नऊ वारसाच्या. गट नंबर जुळवून तिनं ‘पहा’ दाबलं आणि नोटीस मोठ्यानं वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तशी, प्रत्येक नावानंतर थांबून. मयताचं नाव. मग पत्नी. मग दोन मुलगे. मुलगी थांबली.

‘पुढं?’

‘पुढं नाही, आजी. एवढंच आहे.’

म्हातारी थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण रिकामी जागा तिला दिसत असावी. ‘किती दिस हायेत अजून?’ मुलीनं हरकतीची शेवटची तारीख बघितली, भिंतीवरच्या कालनिर्णयकडं बघितलं, बोटं मोजली. ‘सहा.’ मग म्हातारीनं पिशवीच्या तळातून वहीचं चतकोर पान काढलं. त्यावर कुणाकडून तरी लिहून घेतलेले दोन मोबाइल नंबर होते, एक अंबाजोगाईचा आणि एक चिंचवडचा, शाई घामानं थोडी फुटलेली. मुलीनं पडद्याचा फोटो काढला, तारीख नीट दिसते का ते बोटांनी मोठं करून बघितलं, पुन्हा एकदा काढला. आणि पहिला नंबर टाकायला लागली.